ड्रम चालू असेपर्यंत

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर डबा आणायला जाताना माझी पावलं जड होतात, हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील. डबा कसला, तर नव्या हळदीचा. दरवर्षी थंडी सरून उन्हाचा चटका बसायला लागला की गावाकडून दादाचा फोन येतो. "बारक्या, डबा सोडलाय रं. दुपारच्या गाडीला बघ." मग कंडक्टरच्या सीटखालून सुतळी बांधलेला पत्र्याचा डबा बाहेर येतो, आणि त्या सुतळीवर दादाच्या बोटांचे पिवळे ठसे असतात. घरी बायको झाकण उघडते, सगळं घर वासानं भरून जातं, आणि ती दरवर्षीचंच वाक्य बोलते, की हळद म्हणावी तर ही, दुकानातला तो नुसता रंग. मी हो म्हणतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन गिटारच्या तारा पुसत बसतो.

या दिवसांत लोकांना सर्दी होते, डोळे चुरचुरतात. मला अपराधी वाटतं. हा माझा हंगामी आजार आहे आणि तो हळदीबरोबर येतो. शेतातून हळद निघाली, शिजली, वाळली, पॉलिश होऊन बाजारात गेली की आजार ओसरतो. मग उन्हाळाभर मी महाबळेश्वरच्या हॉटेलांच्या हिरवळीवर पर्यटकांसमोर गिटार वाजवतो आणि बरा असतो.

साताऱ्यात माझा गिटारचा क्लास आहे, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. येणारी पोरं बहुतेक एका सुरावटीमुळे येतात. तिला शब्द नाहीत. मीच वाजवलेली, गावच्या खोलीत एका हळदीच्या हंगामात रेकॉर्ड केलेली ती चाल फोनवरून फोनवर गेली आणि माझ्या आधी भलत्याच गावांना पोचली. हॉटेलांची कामं तिनंच मिळवून दिली. चाल तशी साधी आहे, क्लासमधलं कुणीही आठवड्यात बसवील. लोक विचारतात ते आवाजाबद्दल. त्याला आमच्या धंद्यात टोन म्हणतात. सूर तोच असतो, पण एकाच्या हातून तो पत्र्यावर खडा पडल्यासारखा येतो आणि दुसऱ्याच्या हातून कुणीतरी घरातून हाक मारल्यासारखा. माझ्या त्या चालीत ती हाक आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारण तिच्यातला माझा वाटा किती हे मला माहीत आहे.

"सर, पेडल कुठलं वापरलं?" हा पहिला प्रश्न असतो. रहिमतपूरच्या एका विद्यार्थ्यानं माझ्यासारखंच पेडल मागवलं, तारा तशाच घातल्या, आणि आठवड्यानं तोंड पाडून आला. पी हळद अन् हो गोरी, असं टोनचं होत नाही, हे त्याला समजावताना मला माझंच हसू आलं. गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायचं, पायानं दाबायचं ते ओव्हरड्राइव्हचं पेडल म्हणजे बंद पडलेल्या जीपला मागून ढकलणारा माणूस. त्यानं धक्का द्यावा, पण गाडी शेवटी स्वतःच्या इंजिनावर चालली पाहिजे. म्हणून पेडलमधला खरखराट अगदी थोडा ठेवायचा, त्याची ताकद वाढवायची, आणि ती ताकद वाल्व्हच्या अँपच्या तोंडात भरायची. काचेच्या त्या वाल्व्ह पुरेशा तापल्या आणि त्यांच्या ताकदीबाहेरचं काम त्यांच्यावर पडलं की आवाज कडेकडेनं फाटायला लागतो. ते फाटणं मऊ असतं. तिथं टोन सापडतो. हे सगळं मी पोरांना मनापासून सांगतो, कुठलं बटण कुठं ठेवायचं तेही सांगतो. हळदीच्या ड्रमचं तेवढं सांगत नाही.

त्या हंगामात मी गावी गेलो ते हात हलवत. आमचं गाव कृष्णाकाठी, सांगलीहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर. ज्या बँडमध्ये वाजवायचो तो साताऱ्यात फुटला होता. त्याआधी डिप्लोमा अर्धा टाकला होता, त्यानंतर बँकेच्या परीक्षेला बसलो आणि एक पेपर देऊन उठलो. जरा काही जमलं की हुरळायचो आणि तिथंच सोडायचो; अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय हे घरच्या हळदीत वाढूनही मला कधी बोचलं नव्हतं. मी खांद्यावर गिटार आणि टेम्पोत अँप घेऊन उतरलो तेव्हा दादा खळ्यावर हळद पसरत होता. त्यानं फक्त अँपकडे बघितलं आणि विचारलं, "जड हाय का?" मग स्वतःच उचलून आत नेला.

तो अँप म्हणजे गावातल्या तरुण मंडळाचा जुना भोंग्याचा अँप्लिफायर होता. गणपतीत त्याच्यावर आरत्या वाजायच्या. मंडळानं नवीन साऊंड घेतल्यावर तो अडगळीत पडला होता, तो मी बँडच्या दिवसांतच मागून नेला आणि सांगलीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून गिटारसाठी बदलून घेतला. वाल्व्ह त्याच, जुन्याच. चालू केला की आधी धुळीचा आणि तापलेल्या मेणाचा वास यायचा, मग वाल्व्हच्या पोटात नारिंगी तार दिसायला लागायची. तोवर थांबायचं. घाई केली की तो नुसता घुमायचा.

वडील फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी ऊस कमी करून हळद वाढवली होती. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते गेल्यावर दादानं तीच चाल पुढं ठेवली. दादाला शिकायचं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आबा गेले त्या वर्षी हळद जमिनीत होती, आणि जमिनीतल्या हळदीला वेळेवर पाणी लागतं, एवढंच कारण झालं. माझ्या डिप्लोम्याची फी मात्र तेव्हाही वेळेवर गेली.

हळदीचा हंगाम ज्यानं पाहिला नाही त्याला त्यातली धावपळ सांगून कळायची नाही. कंद खणून काढायचे, गड्डे आणि त्यांना फुटलेली बोटं, म्हणजे हळकुंडं, वेगळी करायची, शिजवायची, खळ्यावर वाळत घालायची, वळीव येतो की काय म्हणून आभाळाकडे बघत बसायचं. शिजणाऱ्या हळदीची वाफ आधी गोडसर वाटते आणि मग डोक्यात बसते. कपडे, भाकरी, म्हशीचं शेपूट, सगळं पिवळं होतं. आणि सगळ्यात शेवटी पॉलिश. जाळीचा मोठा लोखंडी ड्रम, त्यात वाळलेली हळकुंडं भरायची आणि मोटरवर फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची खरबरीत साल निघते, आणि आतून तो रंग बाहेर येतो. दादाला ड्रमच्या आवाजावरून कळायचं. आधी खडखड असते, मग ती सळसळीवर येते. सळसळ लागली की ड्रम थांबवायचा. त्यानंतर फिरवला तर साल संपलेली असते आणि हळद स्वतःलाच खायला लागते, बोटं झिजतात, टोकं मोडतात आणि ड्रमखाली पिवळ्या पिठाचा ढीग लागतो.

घरात ही लगबग, आणि मी शेडमागच्या खोलीत गोधड्या टांगून, अँपसमोर माइक लावून टोन शोधत होतो. आज ते चित्र डोळ्यांसमोर आणलं की मान खाली जाते. तेव्हा गेली नाही. मला वाटायचं, मीही कामच करतोय. वहिनी पोत्यांसाठी खोलीत यायची, मी एकच तार दहा तऱ्हांनी छेडताना बघायची, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची की भावजींची गिटार अजून कच्ची हाय, जरा शिजवायला लागंल. ती दोघांच्या वाटचं बोलायची, कारण दादा काहीच बोलायचा नाही.

टोन येत नव्हता. अँप मोठा केला तर खोली दणाणायची आणि आवाज ताठच्या ताठ राहायचा. लहान केला तर पाणचट. पेडलची बटणं फिरवून फिरवून बोटांना घट्टे पडले. मग एका दुपारी, शेतीची लाइट दिवसा असण्याच्या आठवड्यात, मी कंटाळून एक सूर ओढला आणि बाहेर ड्रम चालू झाला. खोलीतला दिवा मंद झाला. आणि सूर बसला. खाली बसला म्हणजे दमून नव्हे, तर उन्हातून आलेला माणूस ओसरीवर टेकतो तसा. कडेला मऊ फाटला, लांबला, आणि संपता संपता परत थोडा फुगला. मी तसाच बोट दाबून बसून राहिलो.

कारण कळायला वेळ लागला नाही. आमचं शेड डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनच्या टोकाला. ड्रमची मोटर चालू झाली की व्होल्टेज पडायचं. वाल्व्हच्या अँपला भरपेट वीज मिळाली की तो ताठ मानेनं बोलतो, आणि वीज कमी पडली की त्याचा ताठा जातो. गावातल्या मोटरी ज्यानं जळतात, स्टार्टर ज्यानं ट्रिप होऊन आपोआप बंद पडतात, ज्याच्या नावानं सगळी आळी बोटं मोडते, त्या पडक्या व्होल्टेजनं माझा आवाज गोड केला होता. मी धावत बाहेर जाऊन दादाला ड्रम रोज कधी चालू असतो ते विचारलं. त्याला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय, म्हणून तो म्हणाला की तुझं वाजवणं झाल्यावर लावत जाईन. मी उलटं सांगितलं. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"म्हंजी तुला ड्रम लागतोय व्हय?"

मी म्हणालो, लागतोय.

मग तो हसला. आबांच्या नंतर दादा असा मोकळा हसलेला मला फार वेळा आठवत नाही. आमचं ठरलं की पॉलिशचा घाणा, म्हणजे ड्रमभर हळद, भरला की तो भिंतीवर थाप मारून सांगेल, मग मी रेकॉर्डिंग लावायचं. माझं वाजवून झालं की मी थाप मारायची. हळद आधी झाली तरी तो माझ्या थापेसाठी घटकाभर थांबेल, आणि मीही त्याला ताटकळत ठेवायचं नाही. पहिले काही घाणे असंच चाललं. वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. हळदीला वाजंत्री लग्नात असते, पॉलिशला नसते, असं ती म्हणाली.

मग तो दिवस आला. त्या दिवशीची हळद सगळ्यात चांगल्या रानातली होती, आबांनी पहिल्यांदा लावलेल्या तुकड्यातली. भिंतीवर थाप पडली. मी कानावर हेडफोन चढवले, वाल्व्ह तापू दिल्या, सुरुवात केली. चाल अर्ध्यात घसरली. परत. जरा पुढे जाऊन घसरली. परत. थाप मारायची राहिली आहे हे मला एकदा आठवलं होतं. आठवलं नव्हतं असं म्हणणं सोयीचं होईल, पण आठवलं होतं. आणखी एकदाच, असं मनाशी म्हणून मी परत पहिल्या सुरावर गेलो. त्यानंतर मात्र खरंच आठवलं नाही. शेवटच्या खेपेला चाल संपूर्ण आली, शेवटचा सूर हळूहळू विरला, आणि दिवा एकदम उजळला. ड्रम बंद पडला होता.

हेडफोन काढून बाहेर आलो तर ड्रमखाली पिवळ्या पिठाचा ढीग. त्यात माझा पाय पडला. दादा ड्रमचं तोंड उघडत होता. मी विचारलं, "ट्रिप झाला व्हय?" त्यानं माझ्याकडे न बघता "व्हय" म्हटलं. वहिनी काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही हेच मला तेव्हा खटकायला हवं होतं. मी परत आत जाऊन पायानंच पेडल बंद केलं. त्या पेडलवर पायाचा तो पिवळा ठसा अजून आहे. पुसायला गेलं की जात नाही, आणि खरं सांगायचं तर मी नेटानं पुसलेलाही नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे निघाले तेव्हा मी दादाबरोबर गेलो होतो. तिथं हळदीचे ढीग ओळीनं मांडलेले असतात आणि खरेदीदारांचा घोळका एकेक ढीग बघत पुढे सरकतो. आमचा माल मांडायचे ते अडते म्हणजे अण्णा. जैन माणूस, पांढरी टोपी, मोजकं बोलणं. आबांच्या वेळेपासून त्यांची एक रीत होती. हळकुंड मोडून बघायचं असतं. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की टक्क असा खणखणीत आवाज येतो, ओलं असेल तर नुसतं वाकतं, आणि मोडल्यावर आतला रंग दिसतो. प्रत्येक ढिगावर अण्णा एक उचलून मोडायचे. आमच्या ढिगाजवळ आले की मोडायचे नाहीत. घोळक्याला म्हणायचे, हे घर बघायचं नसतं, घ्यायचं असतं. एवढ्या एका वाक्यासाठी आबा वर्षभर राबले आणि त्यांच्यामागे दादा.

त्या वर्षी अण्णा आमच्या ढिगाजवळ थांबले. त्यांनी मूठभर हळद उचलली, झिजलेली टोकं बोटांनी चाचपली, तळहातावरचा चुरा फुंकला. मग दादाकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "यंदा हात बदलला काय ओ, संपतराव?"

"न्हाई अण्णा," दादा म्हणाला. "माझंच ध्यान न्हवतं."

मी शेजारी उभा होतो. माझ्या खिशातल्या फोनमध्ये ती चाल होती, आदल्याच दिवशी मित्रांना पाठवलेली, आणि फोन एकसारखा थरथरत होता. अण्णांनी एक हळकुंड घेऊन मोडलं. घोळका ऐकत होता. मी गप्प राहिलो. तेव्हापासून अण्णा दर वर्षी आमच्या ढिगावरचं हळकुंड मोडतात. दादाची हळद पुन्हा पहिल्यासारखी झाली आहे, पण ते वाक्य परत आलेलं नाही. मी जमेल त्या वर्षी सौद्याला जातो, दादाच्या शेजारी उभा राहतो आणि तो टक्क ऐकतो. एवढीच काय ती माझी शिक्षा, आणि तीही मीच मला दिलेली, म्हणजे तिच्यात दम किती असणार.

यंदा रहिमतपूरच्या त्या विद्यार्थ्यानं मागं लागून लागून मूळ रेकॉर्डिंग मागितलं. लोकांकडे गेली ती कापून नीट केलेली. शेवटचा सूर विरला की मी ती तिथंच तोडली होती. मूळ मी कधी पुन्हा ऐकलंच नव्हतं. बायकोनं डबा उघडला होता, घरभर वास होता, आणि मी हेडफोन लावून बसलो. चाल संपली. सूर विरत गेला. त्याच्या खालून अँपची घुंई आणि तिच्याही खालून, भिंतीपलीकडून, ड्रमची सळसळ. सूर पुरता संपेपर्यंत ती चालू होती. मग खट्ट असा स्टार्टरचं बटण दाबल्याचा आवाज आला. सळसळ मंदावत थांबली. त्या शांततेत दादाचा आवाज आला, लांबून पण स्पष्ट.

"काढ आता. झालं त्याचं."

आणि वहिनीचा. "त्याचं झालं, आन् हळदीचं बी झालं."

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मी थाप मारलीच नव्हती. मग माझं झालं हे दादाला कसं कळलं? कळलं, कारण तो कान लावून उभा होता. आणि इतका कान लावून उभा राहणाऱ्या माणसाला ड्रमची सळसळ ऐकू आली नसेल, हे शक्य नव्हतं. ती तर त्याला झोपेतही कळते. ट्रिप वगैरे काही झालं नव्हतं. इतकी वर्षं माझ्या विसरण्यानं हळद गेली असं मी धरून चाललो होतो, आणि त्या समजुतीत मला नकळत एक सोय होती. विसरणं माणसाच्या हातून होतं. कधीतरी अण्णांना सांगून टाकू, दादाची माफी मागू, हलके होऊ, अशी एक मागची वाट मी ठेवलेली होती.

दुसऱ्याच गाडीनं गावी गेलो. दादा ड्रमपाशीच होता, केस आता पिकलेले, पण पिकलेले कळत नाहीत, कारण तेही पिवळे. घाणा उतरल्यावर मी त्याला हेडफोन लावून तेवढा शेवटचा तुकडा ऐकवला. स्वतःचा आवाज ऐकून तो आधी लाजला. मग हेडफोन काढून त्यानं टॉवेलनं कानच पुसले.

मी विचारलं, "हळद झालीय हे कळलं होतं तुला?"

"कळणार न्हाई व्हय? कवाच झाली हुती."

"मग बंद का केला नाहीस?"

तो ड्रमच्या कडेवरची पूड बोटानं गोळा करत राहिला. दादाला लांबलचक बोलायची सवय नाही. पण त्या दिवशी बोलला.

"डिप्लोमा तू अर्ध्यात सोडलास. बँकेचं अर्ध्यात सोडलंस. बँड सोडून आलास. त्या दिवशी एकच चाल तू परत परत वाजवीत हुतास, आन् दर खेपंला जरा पुढं जात हुतास. म्या म्हनलं, आज ह्यो शेवटाला जातोय. मधीच लाइट वर आली आसती, तर तू तिथनं बी उठला आसतास."

मी आबांच्या रानातली हळद होती ती, असं काहीतरी म्हणालो. तो म्हणाला, हळद दर साली येती. अण्णांच्या त्या वाक्याचं मी विचारलं, तेव्हा मात्र त्यानं गोळा केलेली पूड मुठीत घट्ट धरली. ते वाक्य त्यालाही हवं होतं, अजूनही हवं आहे, हे त्या मुठीवरून मला कळलं, आणि तेच मला सोसवेना. मी म्हणालो, यंदा अण्णांना मी सांगणार, चूक माझी होती म्हणून.

"सांगू नगंस," दादा म्हणाला. "चूक न्हवती ती. मी हुबा राहून ऐकलंय ते सगळं. तू चूक म्हनलास, तर माझं ऐकणं बी चुकीत जमा हुईल."

चूक माफ करता येते. आपण होऊन दिलेल्या गोष्टीला माफी कशी मागायची, आणि परत तरी काय करायची? मी इतकी वर्षं त्या आवाजातला माझा वाटा मोजत होतो, पेडलचा किती, वाल्व्हचा किती, पडक्या व्होल्टेजचा किती. एक माणूस भिंतीपलीकडे, स्वतःच्या बापाचं नाव झिजताना कानांनी ऐकत, हात बटणावर ठेवून उभा होता, तो माझ्या हिशेबात कुठंच नव्हता. वहिनी चहा घेऊन आली. तिनं माझं तोंड बघितलं आणि दादाला म्हणाली, "आवं, सांगितलंत वाटतं." मग माझ्या हातात कप देताना म्हणाली की भावजी, त्या दिवशी मी लय चिडले हुते, पण बंद करा म्हनायचं मला बी सुचलं न्हाई. म्हणजे तीही ऐकत होती.

सौद्याच्या दिवशी मी यार्डात दादाच्या शेजारी उभा राहिलो. घोळका पुढे सरकत आमच्या ढिगाशी आला. अण्णा आता थकलेत, वाकताना गुडघ्यावर हात ठेवतात. त्यांनी हळद मुठीत घेतली, चाचपली, चुरा नव्हता. क्षणभर मला वाटलं, आज ते वाक्य येईल. आता सांगावं, असं जिभेवर आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. दादानं माझ्याकडे बघितलं नाही, पण त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला आणि तिथंच राहिला. मी तोंड मिटून घेतलं.

अण्णांनी एक हळकुंड निवडलं, दोन्ही अंगठे लावले आणि मोडलं. टक्क. कोरडा, भरीव, मागं काही न रेंगाळणारा आवाज. अण्णांनी तुकडे ढिगावर टाकले आणि काही न बोलता बाजूला होऊन घोळक्याला पुढे येऊ दिलं.

दादा समोर बघतच हळू आवाजात म्हणाला, "कसा वाजला रं?"

"चांगला," मी म्हणालो. "लय चांगला वाजला, दादा."